रतिबाच्या घरातले खाडे

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र तू फाडणार असशील, तर निदान मोठेमोठे तुकडे कर. पुढेमागे वाटलंच तर जोडता येतील. फोन तू उचलत नाहीस. वर्ष होत आलं आता. म्हणून हा जुना उपाय.

कशी आहेस वगैरे विचारत नाही. तू सांगणार नाहीस आणि मी उगाच दाराकडे बघत बसेन. मी बरी आहे. कवळ्यांची लॅब चालू आहे, लोकांचे दात पडायचे काही थांबलेले नाहीत. आज एका माणसाच्या जबड्याचा साचा आला. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, हा गृहस्थ जन्मभर कुणावर तरी दातओठ खात आलाय. उरलेसुरले दात पार घासून सपाट. मी त्याला मनातल्या मनात एक बायको दिली, एक वरच्या मजल्यावरचा शेजारी दिला आणि भांडण लावून दिलं. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली म्हणाली, "बाई, तुम्ही एकट्याच काय हसताय?"

आता खरं कारण. परवा संपादकांचा फोन आला होता. तुझं पहिलं पुस्तक काढणारे, ते खोकत खोकत बोलणारे. म्हणाले, "तुमच्या भाचीनं कळवलंय, यापुढे ती काही लिहिणार नाही. दुसरं पुस्तकही नाही. तुम्हाला माहीत असेलच." मी म्हटलं, "हो तर, माहीत आहे की." फोन ठेवला आणि पाकीट शोधायला लागले. 

भिंगरे, तू माझ्याशी बोलायचं सोडलंस ते मी गिळलं. का गिळलं ते सांगेन, आज नाही. पण मला वाटायचं, आपल्याशी बोलत नसली तरी तिकडे टेबलाशी बसून लिहीत असेल पोरगी. तेवढ्यावर मी दिवस ढकलत होते. आणि आता हे म्हणतात, ती लिहीतच नाही! मग मी कशाला तोंड शिवून बसले?

उत्तराची घाई नाही. खोटं बोलले, आहे. एक ओळ पाठव. वाईट ओळ पाठव. हवा कशी आहे तेवढं लिही.

तुझी आत्या


१७ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तुला मिळालं, असं मी धरून चालले आहे.

तुझी खोली आवरत होते. घाबरू नकोस, काही फेकलेलं नाही. टेबलामागच्या भिंतीवर तुझी कॅलेंडरं एकावर एक तशीच टांगलेली आहेत. धूळ झटकताना मला दादाचा इतका राग आला की विचारू नकोस. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. कोण म्हणतं? त्यांनी माझ्या भावाबरोबर दिवस काढून बघावेत.

आपलं घरच पडलं रतिबाचं. दादानं आधी सायकलवर आणि मग त्या खडखडणाऱ्या गाडीवर जन्मभर घरोघरी दूध टाकलं. लोकांकडे देवघेवीची बोलणी होतात, आपल्याकडे एकच बोलणं, खाडा. अमक्यांकडचा खाडा, तमक्यांनी दोन दिवस नको सांगितलंय. आणि आपल्या बाजूनं खाडा? छे! तो शब्द दादा शिवी दिल्यासारखा उच्चारायचा. ताप असला तरी गेला, पाय मुरगळला तरी गेला. तुझी आई अत्यवस्थ होती त्या पहाटेसुद्धा तिला दवाखान्यात पोचवून, मला तिच्याजवळ बसवून, दूध टाकून मगच परत आला. मी बोलले त्याला. म्हणाला, "लोकांची पोरं दुधाशिवाय राहतील का?" लोकांची पोरं!

मग तू शाळेत ती गोष्ट लिहिलीस, पोहता न येणाऱ्या बदकाची. दादानं ती सगळ्या गिऱ्हाइकांना दारात उभं करून ऐकवली. दूध नासलं असेल काही घरांत. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तुझ्या टेबलाशी कॅलेंडर टांगलं. "लिहिलंस की बरोबरची खूण. नाही लिहिलंस की खाडा." त्याला बिचाऱ्याला प्रेम करायची तेवढी एकच तऱ्हा येत होती. त्यानं आपल्याकडची सगळ्यांत चांगली गोष्ट तुला दिली.

तूही कसली त्याचीच! गालगुंड झालं होतं तेव्हा गळ्याला फडकं बांधून लिहीत बसलीस. कॉलेजच्या परीक्षेत एक दिवस राहिला, तर जेवली नाहीस. दादा ताट घेऊन दाराशी उभा. "अगं, एक दिवस राहिला तर काय आभाळ कोसळतंय?" पण त्याच्या तोंडून ते तुला खरं वाटणार कसं?

आणि पुस्तकाच्या वेळी काय झालं, आठवतंय ना? त्या परीक्षणकर्त्यानं लिहिलं होतं, "ही लेखिका रतीब घालणाऱ्यांतली नव्हे." कौतुक केलं होतं त्यानं! दादा पेपर घेऊन तणतणत आला. "हा कोण टिकोजीराव? रतीब घालत नाही म्हणे! माझी पोरगी रोज घालते, एक दिवस चुकवत नाही, याला काय माहीत?" पेपरवाल्यांना खरमरीत पत्र लिहायला निघाला होता. तू हसून हसून खाली लोळत होतीस. मी त्याला अर्थ समजावून सांगितला, तरी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होता.

तू नोकरी सोडून लिहायला म्हणून त्या गावाला राहायला गेलीस, तेव्हा त्यानं नियम काढला. बाराच्या आत कुणी तिला फोन करायचा नाही. तुझी लिहायची वेळ. मला ताकीद, शेजाऱ्यांना ताकीद. एकदा तुझ्या मैत्रिणीनं नंबर मागितला, तर तिलाही आधी नियम सांगितला. आम्ही दोघं बारा वाजायची वाट बघत बसायचो आणि बाराला पाच कमी असताना तो मला म्हणायचा, "थांब, शेवटचं वाक्य चालू असेल."

जास्त लिहवत नाही आज.

आत्या


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

मध्ये बरेच दिवस गेले. कामाचा रगाडा नव्हता, आजारीही नव्हते. लिहावंसं वाटलं नाही म्हणून लिहिलं नाही. आज वाटलं. माफीबिफी मागणार नाही. तुझ्या घराण्यातली असूनही मला ही कला जमते, हे तू बघावंस म्हणून मुद्दाम सांगते.

दादा माझ्या लिहिण्याबद्दल काय म्हणायचा माहितीये? "हिचं लिखाण म्हणजे पाहुणा. कधी येईल, कधी जाईल, काही नेम नाही." मी म्हणायचे, "पाहुणा आला की आनंद तरी होतो. तुझ्या दुधाला दार उघडताना कुणी हसतं का?" यावर तो दोन दिवस रुसला होता.

तू म्हणशील, आत्या, तुझं ठीक आहे, तुला विचारतंय कोण? अगदी खरं. इतक्या वर्षांत चार-पाच गोष्टी छापून आल्या, त्याही अशा मासिकांत की पुढच्या अंकाला मासिकच बंद. मला कुणी विचारत नाही हेच माझं सुख आहे. प्लास्टर ओतलं की ते घट्ट व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात लॅबच्या चिठ्ठीच्या पाठीवर काहीतरी खरडायचं. कधी एक नाव. कधी कुणाचं एखादं बोलणं, कानावर पडलेलं. प्लास्टर झालं की चिठ्ठी खिशात. कितीतरी चिठ्ठ्या धुण्यात गेल्या. एकदा तर डॉक्टरांकडे कवळीबरोबर माझी चिठ्ठी गेली. तिच्यावर लिहिलेलं, "नवऱ्याला विष द्यावं की सोडून जावं?" डॉक्टरांचा घाबऱ्याघाबऱ्या फोन!

माझ्या गोष्टीतला तो नावेवरचा तिकीट तपासनीस तुला माहीत आहे. नदी ओलांडणाऱ्या लोकांची तिकिटं तपासतो आणि स्वतः कधी पलीकडे उतरत नाही. किती वर्षं झाली त्याला माझ्याकडे येऊन! अजून मला माहीत नाही, तो का उतरत नाही. मी त्याला विचारत नाही. सांगायचं तेव्हा सांगेल. प्लास्टर बोटानं टोचून बघितलं की साचा बिघडतो, एवढं मला कामानं शिकवलंय.

आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्या नुसती फुशारकी मारतेय. दादा गेल्यावर माझाही पाहुणा आला नाही. कितीतरी महिने. चिठ्ठ्या कोऱ्याच्या कोऱ्या डॉक्टरांकडे जायच्या. मला त्याचा अपराधीपणा वाटला नाही, पण दुःख फार झालं. दोन्ही एक नव्हे गं. दुःखात माणूस निदान आपल्या घरी असतो. तू मात्र घरही सोडलंस.

मग एक दिवस मेण तापवत होते आणि सुचलं, "नावेत आज एकच माणूस होता आणि त्यानं दोन तिकिटं काढली होती." बस्स, एवढंच. बोटाला चटका बसला, तरी मी तशीच उभी. रडले पण. पॉलिशवालीला वाटलं भाजलं म्हणून रडते, तिनं थंड पाणी आणलं. पुढचं वाक्य अजून आलेलं नाही. चालतंय.

उपदेश करत नाहीये. करतेय. पण भिंगरी, हे सगळं मी आडून आडून बोलतेय, हे तुलाही कळत असेल. मला एक गोष्ट माहीत आहे, दादाच्या शेवटच्या सकाळची. ती तुला सांगितली तर तू कदाचित पुन्हा कधीच लिहायला बसणार नाहीस. नाही सांगितली तर तू माझ्याशी कधीच बोलणार नाहीस. वर्षभर मी पहिल्या भीतीपायी दुसरं सोसलं. आता तू लिहीतच नाहीस म्हटल्यावर मी कशाची राखण करतेय, मला कळेनासं झालंय.

आत्या


१४ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. एक ओळ पाठव म्हणाले होते, तू तीन पाठवल्यास. "आत्या, पत्रं पाठवू नकोस. पहाटे सहाला बाबांना अॅडमिट केलंस आणि मला फोन करायचं तुला दुपारी बाराला सुचलं. आता एवढं सगळं कसं सुचतंय?"

बरोबर आहे. वाईट ओळ पाठव म्हणाले, अगदी तशीच पाठवलीस.

त्या दिवशी तू संध्याकाळी पोचलीस तेव्हा सगळं संपलेलं होतं. लोक पांगल्यावर स्वयंपाकघरात तू मला हेच विचारलंस आणि मी म्हटलं, "घाईत सुचलं नाही." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पाठ फिरवून ओटा पुसायला लागले. सकाळी लगेच कळलं असतं तर तू दुपारच्या आत पोचली असतीस. भेट झाली असती. हे तुला कळत होतं, मलाही कळत होतं.

आता ऐक.

दादाला पहाटे दूध टाकतानाच दुखायला लागलं होतं. सगळी घरं पुरी केली. घरी आला, किटल्या धुतल्या, पालथ्या घातल्या, आणि मग म्हणाला, "छातीत जरा कसंतरी होतंय." अंग घामानं निथळत होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, सध्या धोका नाही, लक्ष ठेवू. त्याला खाटेवर घेतलं, नळ्या लावल्या आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर पर्समधून फोन काढला.

त्यानं माझं मनगट धरलं. "कुणाला?"

"भिंगरीला."

"वाजले किती?"

"साडेसहा होतायत."

"मग आत्ताच बसली असेल. बाराच्या आत नको."

मी म्हटलं, "दादा, डोकं फिरलंय का तुझं? तू कुठे पडलायस बघ!"

"मला काही झालेलं नाही. तिचा खाडा पाडू नकोस."

"खड्ड्यात गेला तुझा खाडा!" मी ओरडलेच. तो उठून बसायला लागला. यंत्र पिंपिं करायला लागलं, नर्स धावत आली आणि माझ्यावरच डाफरली, "पेशंटला त्रास द्यायचा असेल तर बाहेर बसा." तो माझ्याकडे बघत होता. मी फोन त्याच्या समोर पर्समध्ये टाकला, तेव्हा कुठे आडवा झाला.

नंतर सकाळभर त्यानं दुसरं काही विचारलं नाही. डोळे मिटून पडायचा, मग उघडून, "किती झाले?" मी सांगायचे. "अजून वेळ आहे," म्हणायचा आणि परत डोळे मिटायचा. मधे एकदा म्हणाला, "आज काय लिहीत असेल गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." म्हणाला, "बदकाचं छान होतं." डॉक्टर येऊन ठीक म्हणून गेले होते, म्हणून मीही गप्प बसले. मला वाटलं, आहे वेळ.

शेवटी तोच म्हणाला, "आता लाव." मी बाहेर जाऊन तुला फोन केला. तू "निघते" म्हणालीस. मी आत आले. त्यानं विचारलं, "झालं का तिचं आजचं?" मी तुला काही विचारलेलं नव्हतं, कसं विचारणार? मी म्हटलं, "झालं. भरपूर झालं म्हणाली." तो हसला. "शाब्बास," म्हणाला. त्यानंतर तासाभरात त्याला दुसरा झटका आला. तू तेव्हा गाडीत होतीस.

हे मी तुला त्या संध्याकाळी कसं सांगू? सांगितलं असतं तर पुढे प्रत्येक सकाळी तू टेबलाशी बसलीस की तुला काय दिसलं असतं? म्हटलं, पोरगी माझ्यावर रागावली तर रागावू दे. राग निवतो. लिखाण सुटलं तर परत येत नाही. आता तेही सुटलं आणि रागही निवला नाही. माझा सगळाच हिशेब चुकला.

दादावर मी अजून चिडलेली आहे. त्याच्याशी भांडायला तो नाही, एवढंच.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. मग वर गेले, दार लावलं, पुन्हा वाचलं. त्यानंतर बरेच दिवस कपाटात ठेवलं. आज उत्तर लिहितेय. कच्चं लिहून मग पक्कं करावं असं वाटत होतं, पण तसं केलं तर हे कधीच तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

तुला वाटतं, बाबा गेले म्हणून माझं लिहिणं थांबलं. संपादकांनाही मी तसंच वाटू दिलं. ते खरं नाही.

ते आधीच थांबलं होतं. पहिलं पुस्तक आल्यावर थोडे दिवस चाललं, मग नाही. नोकरी सोडलेली, खोली घेतलेली, सगळी सकाळ माझी. आणि मी नुसती बसायचे. सुरुवातीला वाटलं, चार दिवस जातील असे. पण कॅलेंडर समोर होतं ना. एक खाडा पडला की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं लिहायचं, असं ठरवायचे. मग तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचं. एवढं डोक्यावर घेऊन कुणाला काय सुचणार? शेवटी खाड्यांच्या खुणासुद्धा करायच्या सोडल्या. तरी बसायचं मात्र सोडलं नाही. उठले तर बाबांना फसवलं असं झालं असतं. बसून फसवत होते, ते मला चालत होतं.

दर रविवारी बाराला त्यांचा फोन यायचा. "खाडा नाही ना?" मी म्हणायचे, "नाही बाबा." "वा!" म्हणायचे. त्यांचा आवाज इतका खूश असायचा आत्या, की दुसरं काही सांगायला माझी जीभ उचलायचीच नाही. एकदा ठरवलं होतं, सांगायचंच. तेव्हा ते म्हणाले, "तू तिकडे लिहितेस ना, म्हणून मला इकडे पहाटे उठायचं काही वाटत नाही." मग काय सांगणार?

त्या दिवशीही मी सहाला बसले. काही नाही. टेबल पुसलं. पेनं कागदावर चालवून बघितली. खिडकीच्या चौकटीचा रंग सुटला होता, तो नखानं काढत बसले. सगळी कड मोकळी झाली, खाली रंगाच्या पापुद्र्यांचा ढीग. मला फक्त एक हवं होतं. कुणीतरी फोन करावा. कुणीही. चुकून लागलेला नंबरसुद्धा चालला असता. म्हणजे मला उठता आलं असतं आणि मनाला सांगता आलं असतं की मी लिहिणारच होते, पण फोन आला.

बाराला तुझा फोन वाजला. आवाज ऐकायच्या आधी, नुसतं तुझं नाव बघून मला वाटलं, सुटले. मला बरं वाटलं, आत्या. मग तू बोललीस.

ते बरं वाटणं मी कुणाला सांगू शकले नाही. तुझ्यावर रागावणं त्यापेक्षा सोपं होतं. तू "सुचलं नाही" म्हणालीस आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. आता तू म्हणतेस, त्यांनीच थांबवलं. माझ्या लिहिण्यासाठी. आणि लिहिणं नव्हतंच. त्या दिवशी एक शब्द नव्हता.

तू मला वाईट ओळ पाठव म्हणालीस. हे सगळं पत्र तसंच आहे. आता मी काय करू?

भिंगरी


८ एप्रिल

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र लॅबमध्ये नेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत वाचायला. चूक केली. पॉलिशवालीनं मला घरी पाठवलं. म्हणाली, "तुमचे साचे मी बघते, तुम्ही आधी तोंड धुवा."

तू विचारतेस, काय करू. मला माहीत नाही गं. मी कवळ्या करणारी बाई. लिहू नकोस. किंवा लिही. वर्षानं लिही, म्हातारी होऊन लिही, किराणा सामानाच्या पिशवीवर लिही, आणि कधीच नाही लिहिलंस तरी तू माझी आहेसच. त्या खोलीत भाडं भरून स्वतःला शिक्षा करणं मात्र पुरे झालं. कॅलेंडर काढ. जमत नसेल तर मी येऊन काढते. इथली काढली मी काल. फेकली नाहीत, एवढी छाती झाली नाही, माळ्यावर टाकली.

आणि ते "सुटले" वाटलं, त्याचं. सकाळभर कोंडून घातलेल्या माणसाला दार वाजलं की बरंच वाटणार. दारात कोण उभं आहे ते त्याला दार उघडेपर्यंत कसं कळणार? यात तुझं काय चुकलं? हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. समजूत काढणं मला येत नाही, तुला माहीत आहे.

'भरपूर झालं' हे दादाला मी खोटं सांगितलं. दर रविवारी तूही त्याला तेच सांगत होतीस. त्याच्या घरातल्या दोन्ही बायकांनी, बहिणीनं आणि लेकीनं, मिळून त्याला फसवलं आणि तो समाधानानं गेला. याचं मला काल पहिल्यांदा हसू आलं. नंतर मात्र जे मनात आलं, ते काही केल्या जात नाही. तुला सांगू नये असंही वाटतं. पण न सांगून काय होतं ते आपण दोघींनी बघितलं.

तिकडे तू खिडकीचा रंग खरवडत बसली होतीस, कुणाचा तरी फोन यावा म्हणून. इकडे तो छताकडे बघत पडला होता, तुझ्याशी कधी बोलता येईल म्हणून मला सारखी वेळ विचारत. शुद्धीवर होता, आवाज स्वच्छ होता. आणि मधे मी, मांडीवर पर्स घेऊन. काही काम नव्हतं गं तिघांनाही. सकाळभर तुम्ही दोघं नुसत्या गप्पा मारू शकला असतात.

तुझी,
आत्या